मलप्पाचं पत्र आलंय

औसा, ४ डिसेंबर २०२३

वर्षाबाई,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या.

मोबाइल सोडून हा माणूस टपालाला का लागला, असं म्हणाल. डॉक्टरनं माझं तोंड बंद केलंय. लातूरला दुर्बीण घालून बघितलं, स्वरतंतूवर गाठ हाय म्हणाला. नऊ फेब्रुवारीला ऑपरेशन. तवर दिवसाला दहा वाक्यं, फोन अजिबात न्हाई, कुजबुजायचं तर त्याहून न्हाई. सत्तावीस वर्षं ज्यानं बोलून पोट भरलं त्याला दहा वाक्यं! त्यातली चार सकाळी चहात साखर कमी हाय ह्यातच जातात. म्हणून मी उर्दूत खरडतो आणि सून सदफ ते मराठीत उतरवती. तिची शाळा सुटल्यावर आमची शाळा भरती.

रेडिओवर आपलं 'या, बसा' दर गुरुवारी ऐकतो. नवा श्रीमंतनाना बरा हाय. पोरगं हसतंय जरा जास्त, पण शिकंल. मी नाना व्हतो तवा तुम्ही आक्का म्हणून मला कसं टोचायचात! त्याला अजून सांभाळून घेऊन राहिलात, हे ऐकू येतंय. टोचा त्याला बी.

आता काम सांगतो. मी मेमध्ये रिटायर झालो तवापासून आपला जुना श्रोता, जळकोटचा मलप्पा, त्याचं एक बी पत्र तुम्ही वाचलं न्हाई. रुसला का काय? इतकी वर्षं त्याला माइकवरनं म्हणत आलो, "येतो मलप्पा, औंदा हुरड्याला येतोच." कुठं गेलो? एकदा बी न्हाई. ऑपरेशननंतर हा आवाज ऱ्हाईल का जाईल, डॉक्टर हमी देत न्हाई. तर म्हणलं, हाय तवर त्याच्या वाड्यापुढं उभं ऱ्हावं आणि नानाच्या आवाजात हाळी द्यावी. माणूस खूश हुईल.

त्याचा पुरा पत्ता पाठवा. पत्रं सगळी तुमच्याच कपाटात. हातानं लिहिलेलं मराठी मला लागत न्हाई, त्यामुळं मी कधी कार्ड हातात बी घेतलं न्हाई. तुम्ही "मलप्पाचं पत्र आलंय" म्हणायचं आणि मी हसायचं, एवढंच आपलं काम.

तुमचा,
खाजा


नांदेड, १२ डिसेंबर २०२३

खाजाभाई,

नमस्कार. पत्र वाचून जीव थाऱ्यावर राहिला नाही. गाठ आहे आणि मला आत्ता कळवताय? तुमच्या मुलाला, बिलालला तरी एक फोन करता आला असता. सदफला सांगा, सासऱ्यावर लक्ष ठेव. तोंड बंद असलं तरी हा माणूस समोसे सोडणार नाही.

ऑपरेशन नीट होईल. आजकाल ह्या गाठी म्हणजे काही विशेष नाही म्हणतात.

मलप्पांचा पत्ता काही मिळेना. मी परवा कपाट पूर्ण पालथं घातलं. आणि खरं सांगू का, ह्या थंडीत तुम्ही जळकोटकडं जाऊच नका. माळावरचं वारं, धूळ, त्यात हुरड्याचा धूर. घशाचं वाटोळं होईल. ते तिकडं आहेत की नाहीत, तेही माहीत नाही. बिदरला मुलाकडं राहायला गेले असं कुणीतरी म्हणत होतं.

आधी बरे व्हा. मग मीच तुम्हाला घेऊन जाईन.

कार्यक्रमाचं बरं चाललंय. तुमच्याशिवाय करमत नाही, हे मात्र लिहून ठेवते.

वर्षाराणी


औसा, १९ डिसेंबर २०२३

वर्षाबाई,

वा! सत्तावीस वर्षांत तुमच्या कपाटातनं टाचणी हरवली न्हाई, आणि पत्ता हरवला?

असू द्या. अल्लाहच्या मेहरबानीनं काम झालं. बिलालच्या दुकानात भागवत म्हणून एक जीपवाला येतो, त्याची सासुरवाडी जळकोटची. त्याला म्हणलं, मलप्पा, बायकोचं नाव शांतम्मा, रेडिओला पत्र लिहितो. त्यानं सासऱ्याला फोन लावला. सासरा म्हणाला, रेडिओवाल्या मलप्पाचं घर व्हय, वाडीत सगळ्यांना ठाऊक हाय, या तुम्ही. पुढं काहीतरी बोलत व्हता, पण फोन कटला.

तर एकतीस तारखेला, रविवारी, निघणार. मलप्पा बिदरला गेला असंल तर शांतम्माच्या हातचं पिठलं खाऊन येतो. सदफनं मफलर विणलाय, घशाची काळजी नको. गाडीत एक शब्द बोलणार न्हाई. दिवसाची दहाच्या दहा वाक्यं मलप्पासाठी ठेवणार.

काल पडल्या पडल्या जुनं आठवत व्हतो. लेक मनतशाच्या लग्नाच्या वक्ताला आपण दोन दिवसांत आठ भाग रेकॉर्ड करून ठेवले, ते आठवतंय? पत्रं कमी पडली आणि मी म्हणलं, लिहा एखादं औशाच्या श्रोत्याचं. तुम्ही पहिल्यांदा हात आखडला व्हता. मी म्हणलं, अहो, नाना तरी कुठं खरा हाय? हा शेतकरी नाना म्हणजे कंधारच्या घड्याळजीचा पोरगा खाजा, हे कुणाला ठाऊक हाय? तवा तुम्ही हसून लिहिलंत. काय दिवस व्हते!

खाजा


नांदेड, २४ डिसेंबर २०२३

खाजाभाई,

जाऊ नका. तुमच्या पाया पडते, रविवारी जाऊ नका.

मलप्पा नाहीत. दहा फेब्रुवारी २०१४ ला गेले. त्यानंतर नऊ वर्षं त्यांची पत्रं मी लिहिली.

फोन हातात घेऊन तीनदा बिलालचा नंबर लावला आणि ठेवला. आयुष्य बोलण्यात गेलं, पण हे तोंडानं सांगता येईना. हे पत्र सदफला वाचायला देऊ नका. अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे.

त्या आठ भागांतला सहावा आठवतो का? त्या आठवड्यात मलप्पांचं पत्र नव्हतं. तुम्ही उत्साहात म्हणालात, "मलप्पा, कुठं झोपलात? उठा की आता! का खांदा द्यायला चौघं पाठवू?" आपण दोघंही पोट धरून हसलो. तो भाग गुरुवारी, तेरा तारखेला लागणार होता. तुम्ही कंधारला लग्नघरी. बुधवारी सकाळी टपालात कार्ड आलं, कोपरा फाटलेलं. तसल्या कार्डात काय असतं ते वाचायची गरज नसते, तरी वाचलं. मलप्पा सोमवारी पहाटे गेले.

ते वाक्य कापायला दहा मिनिटं लागली असती. पण लातूरला माझा सत्कार होता, गाडी दाराशी उभी होती. कार्ड पर्समध्ये टाकलं, म्हटलं पोचल्यावर फोन करून कुणाला तरी कापायला सांगते. तिथं शाल आली, नारळ आला, फोटो झाले, आणि खाजाभाई, मी विसरले. विसरले म्हणजे अगदी साफ विसरले. दुसऱ्या दिवशी परतताना एका हॉटेलात चहा घेत होते, तिथल्या रेडिओवर तुमचा आवाज आला. "उठा की आता."

तुम्ही लग्न उरकून आलात, हातात मिठाईचा डबा. पहिलाच प्रश्न, "मलप्पाचं पत्र आलं का?" त्या चेहऱ्याला मी काय सांगणार होते? म्हटलं, आलंय. आणि स्टुडिओत जाईपर्यंत लिहून काढलं.

पहिलं तुमच्यासाठी लिहिलं. नंतरची तुमच्यासाठी लिहिली असं म्हटलं तर ते खोटं होईल. ती लिहायला मला आवडायला लागली होती. लोक म्हणायचे, मलप्पाचं पत्र म्हणजे कार्यक्रमाचा जीव. म्हैस रुसली, जावई घोरतो, शांतम्मा असं म्हणाली आणि तसं म्हणाली, सगळं माझं. तुम्ही हसायचात ते माझ्या वाक्यांना, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. किती नीच व्हावं माणसानं!

अजून एक आहे. २०१७ मध्ये शांतम्मा रेडिओ केंद्रावर आल्या होत्या. तुम्ही त्या दिवशी रजेवर होता. बाकड्यावर बसून होत्या, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "बाई, आमचे मालक तर गेले. पत्र कोण लिहितंय?" मी बेधडक सांगितलं, "मावशी, तो दुसरा मलप्पा आहे, उदगीरकडचा." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

स्पीड पोस्टानं पाठवते आहे. तुम्हाला वेळेत मिळावं.

वर्षाराणी


औसा, ३ जानेवारी २०२४

वर्षाबाई,

हे पत्र मी सोता मराठीत लिहितो. चुका असतील.

तुमचं पत्र मला जाऊन आल्यावर मिळालं. भागवतला रविवारी भाडं लागलं, म्हणून आम्ही शुक्रवारीच गेलो. पत्र शनिवारी आलं. सदफनं फोडलं न्हाई. मी दोन दिवस अक्षर लावत बसलो.

आता काय झालं ते ऐका.

वाडीत उतरलो. भागवत गाडी लावायला मागं ऱ्हायला. दार उघडं व्हतं. मी सकाळपासून एक शब्द बोललो नव्हतो, सगळा आवाज सांभाळून ठेवलेला. उंबऱ्याबाहेर उभा ऱ्हायलो आणि पुरा दम लावून नानाच्या आवाजात हाळी दिली, "आहो मलप्पा! झोपलात का काय? उठा, हुरड्याला आलो!"

दुसऱ्यांदा, वर्षाबाई. तेच. आणि ह्या बारीला त्यांच्या दारात उभं राहून.

आत भांडं पडल्याचा आवाज आला. एक म्हातारी बाई दाराला धरून बाहेर आली. तिच्या मागं भिंतीवर फोटो, फोटोला हार. मी फोटो बघितला. मी मलप्पाला कधी बघितलं नव्हतं, पण हार बघितल्यावर वळख लागत न्हाई व्हय?

ती म्हणाली, "नाना?" मी म्हणलं, "माझं नाव खाजा." ती म्हणाली, "असू दे. बसा."

मग तिनं सांगितलं. चौथा दिवस व्हता. पावणे भरलेले. कुणीतरी सवयीनं रेडिओ लावला, कारण ते गुरुवारी लावायचे. आणि माझा आवाज आला. खांदा द्यायला चौघं पाठवू का. धाकट्या पोरानं रेडिओ उचलून अंगणातल्या दगडावर आपटला. पुढच्या महिन्यात शेजारच्या घरातनं ऐकू आलं, "जळकोटहून मलप्पांचं पत्र आलंय." गावात झालं, मलप्पा सुटला न्हाई, त्याचा जीव अडकलाय. जंगम बोलावून समाधीवर दोनदा पूजा घातली. पोरं विहिरीवर म्हणायची, शांतम्मा, आज काय लिहिलंय नवऱ्यानं? तिनं दर गुरुवारी शेजारणीच्या भिंतीला कान लावून ऐकलं. नऊ वर्षं.

मला विचारली, "कोण लिहीत व्हतं?" मी म्हणलं, ठाऊक न्हाई. तवा खरंच ठाऊक नव्हतं. ती बया खोटं समजली असंल.

वर्षाबाई, मला तुमचा लई राग आलाय. तुम्ही माझ्या तोंडून मेलेल्या माणसाची नऊ वर्षं चेष्टा करून घेतली. मला सांगितलं असतं तर मी रडलो असतो, माइक सोडला असता एखाद महिना, पण तिच्या दारात जाऊन माफी मागितली असती. तो हक्क तुम्ही माझा घेतला.

पण सगळा दोष तुमच्या पदरात टाकून मी मोकळा हुईन, तसं बी न्हाई. पत्र बनवायची चाल मीच तुम्हाला शिकवली. आणि "येतो, येतो" कोण म्हणत व्हतं? नऊ वर्षांत एकदा, एकदाच गेलो असतो तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. माझं येतो म्हणणं बी तुमच्या पत्रासारखंच बनावट व्हतं. हे मला झोपू देत न्हाई.

ऑपरेशन नऊ फेब्रुवारीला हाय. त्याच्या आत तिला पत्र लिहा. तुमच्या नावानं. मलप्पाच्या नावानं शंभर लिहिलीत, आता सोताच्या नावानं एक लिहून दाखवा.

खाजा


नांदेड, १४ जानेवारी २०२४

शांतम्मा मावशी,

मी 'या, बसा'मधली आक्का. माझं नाव वर्षाराणी. २०१७ मध्ये तुम्ही केंद्रावर आलात तेव्हा तुमच्याशी खोटं बोलले ती बाई मीच. उदगीरकडं दुसरा कुणी मलप्पा नाही. तुमचे मालक गेल्यावर त्यांच्या नावानं सगळी पत्रं मी लिहिली. श्रीमंतनाना म्हणजे खाजाभाई, त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमच्या घरी चौथ्या दिवशी जे ऐकू गेलं ते मी थांबवू शकत होते. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी सत्काराला गेले.

कारणं सांगत बसत नाही. तुम्ही सांगाल ते करते. केंद्रावर तक्रार करायची असेल तर हेच पत्र दाखवा, सही खाली आहे.

वर्षाराणी


वाडी, तालुका जळकोट, २५ जानेवारी २०२४

बाईंना शांतम्माचा नमस्कार. सून गुरम्मा लिहून घ्यायली.

तुमचं पत्र तीनदा वाचून घेतलं. मला वाटलंच व्हतं तुम्हीच म्हणून. त्या दिशी तुम्ही माझ्या पिशवीकडं बघत व्हता, तोंडाकडं न्हाई. पिशवीत तुमच्यासाठी शेंगा आणल्या व्हत्या. बाकड्यावर तशाच ठिवून आले.

तक्रार करून मला काय करायचंय? दोन कामं करा.

एक, रेडिओवर सांगा. मलप्पा दहा तारखेला गेला, सरळ गेला, त्याचं काही अडकलं नव्हतं, ती पत्रं त्याची न्हवती. वाडीला ऐकू जाऊ द्या. मी आता सत्तरीची झाले. माझ्या मागं पोरांच्या पोरांना कुणी भुताचं घर म्हणू नये.

दुसरं. ते आमच्यासमोर कधी लिहायचे न्हाईत. शाळेच्या वट्ट्यावर बसून लिहायचे. मला वाचता येत न्हाई. काय लिहिलं म्हणलं तर, तुला काय करायचंय म्हणायचे. त्यांचं लिहिलेलं मला रेडिओवरच कळायचं. अकरा वर्सं त्यांची पत्रं ऐकली, नऊ वर्सं तुमची. आता माझ्या डोस्क्यात समदं कालवलंय. म्हैस रुसली ते कुणाचं, जावयाचं कुणाचं, मला कळंना. माझ्या नवऱ्याचं बोलणं कुठं संपलं आणि तुमचं कुठं लागलं, मला सांगा. ह्यांची खरी पत्रं असली तर परत द्या.

आणि माझ्या गुडघ्याचं. पत्रात येत व्हतं, शांतम्माचा गुडघा दुखतो म्हणून. मी तर कुणापुढं बोलले न्हाई. घरात बी न्हाई. ते तुम्हाला कसं कळलं? ह्यांनी जन्मात कधी इचारलं न्हाई, की बाई, तुझा पाय दुखतो का.

शांतम्मा


नांदेड, १२ फेब्रुवारी २०२४

शांतम्मा मावशी,

गुरुवारी, आठ तारखेला, मी रेडिओवर सांगितलं. तुम्ही सांगितलंत तसंच, आणि पत्रं कोणी लिहिली तेही. दुसऱ्या दिवशी मला केंद्रावर बोलावून घेतलं. आता मी 'या, बसा'मध्ये नाही. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, गुरुवारी माझा आवाज ऐकू आला नाही तर कारण माहीत असावं म्हणून.

खाजाभाईंचं ऑपरेशन झालं. आवाज कसा निघतो ते महिन्याभरानं कळेल. निघाला तर पहिलं वाक्य तुमच्याशी बोलणार आहेत, असं त्यांनी सुनेकडून कळवलंय. मला त्यांनी स्वतः काही लिहिलेलं नाही.

आता तुमचं विचारलेलं. म्हैस रुसली ते माझं. जावई घोरतो ते माझं. शांतम्मा असं म्हणाली असं जिथं जिथं आलं, ते सगळं माझं. त्यांनी अकरा वर्षांत एकाही पत्रात तुमचं नाव लिहिलं नव्हतं; ते मला त्यांच्या मृत्यूच्या कार्डावरून कळलं. ते बियाण्याचं विचारायचे, बैलाच्या खुराचं विचारायचे, आणि नानांची थट्टा करायचे. त्यांची पत्रं आता नाहीत. केंद्रावरची जुनी पत्रं दर दोन वर्षांनी रद्दीत काढायचे. २०१५ साली गेली त्यात त्यांची उरलेली होती. त्या कागदावर सही माझी आहे.

एकच कार्ड उरलंय. कार्यक्रमात घ्यायची नाहीत अशी पत्रं मी वेगळी काढून घरी आणायचे, त्यात निघालं. तारीख ऑगस्ट २०१२. गुरम्माला वाचायला सांगा, मी जसंच्या तसं उतरवते आहे:

"आक्का, नाना, नमस्कार. आमच्या घरात गुडघेदुखीचं एक माणूस हाय. दोन वर्सं झाली. इचारावं तर लोकांपुढं लाज वाटती, आणि ते सांगनार बी न्हाई. हिरीवरनं पाणी आनताना वाटंत दोनदा बसतंय. मी लांबून बघतो. कोन्तं तेल लावावं ते नानांनी सांगावं. बाजारातनं मी आनीन. पत्रात माझं नाव घेऊ नये, तिला कळंल."

गुडघा मी इथून उचलला, मावशी. आणि हे कार्ड आम्ही कधी वाचलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. कोणतं तेल ते सांगायचं राहूनच गेलं.

कार्ड सोबत पाठवते आहे.

वर्षाराणी